टिकेलचा फुलटोच्या की जाड चोचीचा फुलटोच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पक्षी बघायला नव्याने लागलेली मंडळी मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात ते याच जोडीबद्दल. दोघेही अंगठ्याएवढे, दोघेही मातकट, दोघेही झाडाच्या शेंड्याला, आणि एका जागी बसणं दोघांनाही माहीत नाही. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या घरामागे एक जुना रायवळ आंबा आहे. त्यावर वाढलेल्या बांडगुळात हे दोन्ही फुलटोचे येतात. गेली बरीच वर्षं मी त्यांना तिथेच बघतोय, त्यामुळे खालची बरीचशी उत्तरं त्या झाडाखाली उभं राहून मिळालेली आहेत.

एका वाक्यात सांगा, दोघांत फरक काय?

चोच. टिकेलच्या फुलटोच्याची चोच बारीक, टोकाशी किंचित खाली वळलेली आणि फिकट गुलाबी असते, साधारण आपल्या नखाच्या रंगाची. जाड चोचीच्या फुलटोच्याची चोच आखूड, मुळाशी रुंद आणि निळसर राखाडी. समोरून पाहिली तर मुनिया या दाणे टिपणाऱ्या छोट्या पक्ष्याची आठवण यावी अशी.

बाकीचे फरक यानंतरचे. टिकेलचा जेमतेम ८ सेंटिमीटर, भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. जाड चोचीचा १० सेंटिमीटरच्या आसपास. चिमणी १५ सेंटिमीटरची असते, म्हणजे दोघेही तिच्यापुढे चिमुरडेच. टिकेलचं पोट एकरंगी, मळकट पांढरं, त्यावर एकही रेघ नाही. जाड चोचीच्याच्या छातीवर फिकट तपकिरी रेघा असतात. प्रौढ जाड चोचीच्याचा डोळा नारिंगी-लाल, टिकेलचा काळसर.

चोच दिसलीच नाही. आता?

शेपटी बघा. जाड चोचीच्या फुलटोच्याला एक खोड आहे. खाताना, फांदीवरून सरकताना, नुसतं बसलेला असतानाही तो शेपटी डावीकडे-उजवीकडे झटक्याने फिरवत राहतो. शेपूट कशात तरी अडकलीय आणि तो ती सोडवायला बघतोय, असं वाटतं. टिकेलचाही चुळबुळ्याच, पण तो अख्खं अंग वळवतो, उड्या मारतो, पानामागे जातो. शेपटीचा हा वेगळा चाळा त्याच्यात नाही. चोच पानाआड असताना, पक्षी पाठमोरा असताना, उजेड उलटा असताना मला सर्वांत जास्त उपयोग या शेपटीचाच झालाय. खरं तर नवख्या माणसाला मी आधी शेपटी बघायला सांगतो, कारण हालचाल डोळ्यात भरते, चोचीसाठी दुर्बीण स्थिर धरावी लागते.

जाड चोचीच्याच्या शेपटीच्या टोकांना खालून पांढरट ठिपके असतात. पक्षी बरोबर डोक्यावर असेल तर दिसतातही. पण ते दिसले नाहीत म्हणून तो जाड चोचीचा नाही, असं मात्र ठरवू नका.

मला चोच काळी दिसली, पण पक्षी अगदी छोटा आणि पोट स्वच्छ होतं. मग कोण?

बहुधा टिकेलचाच. उंच शेंड्यावरच्या पक्ष्यामागे लख्ख आकाश असलं की गुलाबी चोचही काळी दिसते. कॅमेऱ्यात तर हमखास. म्हणून आकाशासमोरच्या पक्ष्याच्या चोचीचा रंग जमेस धरू नका, आकार धरा. मुळाशी जाडी किती आणि टोकापर्यंत ती कशी निमुळती होत जाते, हे काळ्या छायेतही कळतं. बांडगुळाच्या फळाचा चिकट गर किंवा फुलाचे पराग चोचीला लागलेले असले तरी रंग फसवतो. दोन मिनिटं थांबलात तर पक्षी फांदीवर चोच पुसतोच.

उलट झालं: चोच जाड आहे, पण गुलाबीसर दिसतेय आणि रेघाही नाहीत.

जाड चोचीच्याचं पिल्लू असण्याची शक्यता धरा. नुकतीच घरट्याबाहेर पडलेली पिल्लं चोचीला फिकट, गुलाबीसर असतात, छातीवरच्या रेघा पुसट असतात आणि डोळाही लाल नसतो. म्हणजे ज्या तीन खुणांवर आपण विसंबतो, त्यातल्या तिन्ही कच्च्या. माझ्या जुन्या वहीत मे महिन्यातल्या काही नोंदी 'टिकेलचा' म्हणून आहेत आणि त्यापुढे मी नंतर प्रश्नचिन्ह टाकलंय, ते याच कारणाने. पिल्लाच्या बाबतीत चोचीचा आकार आणि शेपटीचा चाळा, एवढ्या दोनच गोष्टींवर भिस्त ठेवा. शिवाय पिल्लू भुकेलं असेल तर आई-बाप खाऊ घेऊन येतात. ते आले की प्रश्न आपोआप सुटतो.

नर-मादी वेगळे ओळखता येतात का?

नाही. दोन्ही जातींत नर-मादी सारखेच दिसतात. हा मुद्दा आणखी एका कामाचा आहे: झाडावर एक गडद, चमकणारा आणि एक मळकट पिवळा अशी जोडी दिसली, तर ते फुलटोचे नव्हेत, शिंजीर असण्याची शक्यता जास्त.

शिंजिराची मादी आणि फुलटोच्या यांत माझा नेहमी घोळ होतो.

सगळ्यांचाच होतो. शिंजिराची चोच लांब आणि बाकदार असते, फुलात खोल घालायची म्हणून. फुलटोच्याची डोक्यापेक्षाही आखूड. शिंजिराच्या मादीचं पोट पिवळं असतं. आपल्या या दोन फुलटोच्यांत पिवळेपणाचा नुसता भास असतो.

चष्मेवाल्याच्या डोळ्याभोवती पांढरं कडं असतं आणि तो थव्याने फिरतो, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. हिवाळ्यात येणारे वटवटे मात्र चकवतात. त्यांच्या डोळ्यावर फिकट भुवई असते, अंगाने ते सडपातळ आणि शेपटीने लांब. फुलटोच्या म्हणजे आखूड शेपटीचा गोळा.

महाराष्ट्रात फिकट भुवईचा फुलटोच्याही असतो ना?

असतो, नीलगिरी फुलटोच्या. सह्याद्रीच्या ओल्या, सदाहरित पट्ट्यातला. चोच बारीकच पण गडद, पोट पांढरट आणि बिनरेघांचं, डोळ्यावर पुसट पांढरी भुवई. पूर्वी त्याला साध्या फुलटोच्याची उपजात मानत, आता स्वतंत्र जात धरतात. म्हणून घाटातल्या दाट जंगलात 'बारीक चोच म्हणजे टिकेलचा' हा हिशेब पुरत नाही, चोचीचा रंग बघावाच लागतो. गावात, बागेत, शहरात हा प्रश्न सहसा येत नाही.

आवाजावरून ओळखता येईल?

फुलटोच्या आहे एवढं कळेल. डोक्यावरून जाणारा तो तुटक, टोकदार 'चिक्-चिक्-चिक्' एकदा कानात बसला की रस्त्याने चालतानाही ऐकू यायला लागतो. आपल्या भोवती इतके फुलटोचे होते आणि आपल्याला पत्ताच नव्हता, हे त्या दिवशी कळतं. पण दोघांचेही आवाज याच धाटणीचे आहेत. मी स्वतः नुसत्या आवाजावरून जात लिहीत नाही आणि तुम्हालाही तेच सांगेन.

दोघांनाही बघायचं तर कुठे जावं?

बांडगुळाखाली. हे उत्तर ऐकून लोकांना वाटतं मी अभयारण्याचं नाव सांगायला टाळतोय. कर्नाळ्याला जा, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जा, फणसाडला जा, सगळीकडे फुलटोचे आहेत. पण तिथे जाऊनही उभं राहायचं ते बांडगूळ लगडलेल्या झाडाखालीच. आंबा, चिकू, कडुनिंब, शिसव, अशा कितीतरी झाडांवर ते वाढतं. मूळ झाडापेक्षा वेगळ्या रंगाच्या जाड पानांचा झुबका फांदीतून बाहेर आलेला दिसला की थांबा.

मराठीत 'बांडगूळ' ही शिवी आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला म्हणतात. फुलटोच्यांच्या दृष्टीने मात्र ते वर्षाचं धान्याचं कोठार आहे, आणि ते कोठार भरण्याचं कामही तेच करतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

शहरात बांडगूळ सापडलं नाही तर सिंगापूर चेरीचं झाड शोधा. शाळेच्या कुंपणाजवळ, सोसायटीच्या फाटकापाशी हे झाड हटकून असतं आणि त्याच्या लाल गोड फळांवर टिकेलचा फुलटोच्या अक्षरशः दिवसभर असतो. जाड चोचीच्यासाठी वड, पिंपळ, उंबर फळावर आलेत का ते बघत राहा. तिथे तांबट आणि हरोळ्यांच्या गर्दीत एखादा मातकट ठिपका शेपटी झटकताना दिसेल. घाणेरीची काळी फळंही दोघांना चालतात.

दोघांच्या खाण्यात फरक आहे असं ऐकलंय. खरं का?

खरं आहे, आणि मला या जोडीतला सगळ्यात सुंदर फरक हाच वाटतो.

बांडगुळाचं फळ बोराच्या बीएवढं, पिकल्यावर लालसर. आत एक बी आणि बीभोवती विलक्षण चिकट गर. एकदा हातात घेऊन चिरडून बघा, बोटं एकमेकांपासून सुटता सुटत नाहीत.

टिकेलचा फुलटोच्या फळ चोचीत फिरवून अख्खं गिळतो. या कुळातल्या पक्ष्यांच्या पोटाची रचना खास आहे. कठीण किडे दळण्याची पिशवी अन्नमार्गाच्या बाजूला असते, आणि फळं तिच्यात न शिरता सरळ आतड्याकडे जातात. त्यामुळे फळ पोटात फार वेळ राहत नाही. गर शोषला जातो आणि बी काही मिनिटांतच बाहेर येते, चिकटपणा अजून शाबूत असलेली. ती बुडाला चिकटून लोंबते. मग तो पक्षी फांदीवर आडवातिडवा होत, बूड घासत ती सोडवतो. बी फांदीला चिकटते. कधी दोन-तीन बिया एकाच दोऱ्यात ओवल्यासारख्या खाली लोंबताना दिसतात.

जाड चोचीचा वेगळ्या पद्धतीने खातो. तो बी गिळत नाही. फळ त्या जाड चोचीत धरून फिरवत फिरवत गर सोलून काढतो, गर खातो आणि बी फांदीवर पुसून टाकतो. आपण बोटाला लागलेला डिंक भिंतीला पुसतो तसं. त्याच्या जेवणाच्या जागी फांदीवर अशा बियांची ओळच सापडते.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आमच्या आंब्यावर ही दोन्ही दृश्यं मला एकाच सकाळी, एकमेकांपासून हातभर अंतरावर दिसली. खालच्या फांदीवर जाड चोचीचा फळ चघळत होता, शेपटी डावी-उजवी चालूच. चोच तीनदा फांदीवर घासली, बी चिकटली आणि तो उडाला. वर टिकेलचा गिळून झाल्यावर फुगून बसला होता, मग फांदीला समांतर होऊन पुढे सरकला आणि तीच कामगिरी दुसऱ्या टोकाने केली. दुर्बिणीतून बी ओली चमकताना दिसत होती.

हा सगळा व्यवहार कोकणातच नोंदला गेला आहे, याचा मला अभिमान वाटतो. सालिम अली यांनी १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातल्या बांडगुळाचा प्रसार शिंजीर आणि फुलटोचे कसा करतात यावर लेख लिहिला. १९३० च्या पावसाळ्यात ते अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची घरटी अभ्यासत होते. म्हणजे सुगरणीवरचं त्यांचं प्रसिद्ध काम आणि हे कमी माहितीचं काम, दोन्ही एकाच काळातली आणि एकाच मुलखातली.

फुलटोच्या फुलं टोचतो म्हणजे नेमकं काय करतो?

बांडगुळाचं फूल लांब, वाकडी नळी असते, केशरी-लाल. पक्व कळी आपणहून सहसा उमलत नाही, ती कुणीतरी दाबावी लागते. फुलटोच्या किंवा शिंजीर कळीच्या टोकाशी चोच लावतो, दाबतो, आणि कळी फटकन फुटते. पराग पक्ष्याच्या कपाळावर उडतात. पक्षी मध पितो आणि पुढच्या फुलाला ते पराग पोचवतो. निलगिरीच्या डोंगरात जीवशास्त्रज्ञ प्रिया दविदार यांनी बांडगुळं आणि फुलटोच्यांच्या या नात्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. कपाळावर पिवळी पूड असलेला फुलटोच्या दिसला तर नवी जात सापडली असं समजू नका, तो कामावरून आलाय.

मग आंब्यावरचं बांडगूळ काढायचं की ठेवायचं?

बागायतदार हा प्रश्न विचारतात तेव्हा मी 'पक्ष्यांसाठी ठेवा' असं सरसकट सांगत नाही. हापूसच्या कलमावर त्यांचं पोट आहे. बांडगूळ पानांत स्वतःचं अन्न तयार करतं हे खरं, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीतून ओढतं, आणि ती फांदी हळूहळू वाळते. फळतं कलम असेल तर काढावंच. काढायचं तर फळं पिकण्याआधी, आणि नुसता झुबका ओरबाडून नव्हे. त्याची मुळं फांदीच्या सालीवरून पुढे सरकत जागोजागी आत शिरलेली असतात, त्यामुळे जिथपर्यंत ती पोचली आहेत तिथून मागे, निरोगी लाकडात फांदी कापावी लागते. नुसती पानं तोडली तर पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

पण बांधावरचा रायवळ, देवराईतलं झाड, रस्त्याकडेचा शिसव यांच्यावरचं बांडगूळ कुणाचं काय बिघडवतं? तिथलं राहू द्या. आमच्या कलमांवर एकही बांडगूळ नाही, वडिलांच्या वेळेपासून नियमाने काढलं जातं. मागचा रायवळ मात्र आम्ही फुलटोच्यांच्या नावाने सोडलाय.

टिकेल कोण होता?

सॅम्युएल टिकेल, एकोणिसाव्या शतकातला ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी आणि हौशी पक्षीतज्ज्ञ. नावाची गंमत बघा: ज्या पक्ष्याला आपण 'टिकेलचा फुलटोच्या' म्हणतो त्याचं शास्त्रीय वर्णन इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन लॅथमने १७९० साली केलं. टिकेलने १८३३ साली वर्णन केलं ते जाड चोचीच्याचं! म्हणजे टिकेलने वर्णन केलेल्या पक्ष्याला त्याचं नाव नाही आणि ज्याला नाव आहे त्याचं वर्णन दुसऱ्याचं. शास्त्रीय नावं मात्र खुणेला धरून आहेत. टिकेलच्याच्या नावातल्या 'एरिथ्रोऱ्हिन्कोस'चा अर्थ लाल चोचीचा, आणि जाड चोचीच्याच्या 'अजाइल'चा अर्थ चपळ.

घरट्यावरून ओळखता येईल का?

दोघांचंही घरटं बटव्यासारखं, डहाळीला टांगलेलं, बाजूला छोटं दार. वनस्पतींचे मऊ तंतू आणि कोळिष्टकं एकत्र दाबून केलेली नमद्यासारखी भिंत, रंग गुलाबी-तपकिरी. वाळक्या पानांच्या पुंजक्यात ते डोळ्यासमोर असून दिसत नाही. अंड्यांत फरक असतो: टिकेलची पांढरी, जाड चोचीच्याची गुलाबीसर, लाल-तपकिरी ठिपक्यांची. पण ओळख पटवण्यासाठी घरट्यात डोकावू नका. तो बटवा इतका नाजूक असतो की डहाळी वाकवली तरी दार फाटतं, आणि कावळा तुमच्यावर नजर ठेवून असतोच. लांब उभे राहा, पक्षी चोचीत खाऊ घेऊन येईल तेव्हा चोच बघा.

फोटो काढताना काय सांभाळू?

सकाळचा उजेड पाठीशी घ्या आणि उतारावरचं झाड शोधा, म्हणजे शेंडा डोळ्यांच्या पातळीवर येतो. एक छान फोटो काढण्याच्या मागे न लागता चोचीची बाजू, छाती आणि शेपटीची खालची बाजू यांचे तीन साधे फोटो मिळवा. मोबाइलवर पाच सेकंदांचा हलता-डुलता व्हिडिओ असला तर आणखी उत्तम, कारण शेपटीचा झटका फोटोत येत नाही. दुर्बीण ८×४२ पुरते.

सगळं करूनही खात्री पटली नाही. नोंद कशी लिहू?

'फुलटोच्या, जात अनिश्चित' असं. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही तशी सोय आहे. शेजारी काय दिसलं तेवढं लिहा: पाठमोरा, शेपटी स्थिर, झाड चिकूचं, वेळ साडेसात. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच झाडाखाली जा. बांडगूळ पिकलेलं असेल तर तो तिथेच असतो.